चार लाख चव्वेचाळीस हजार चारशे तीन

वाशिम जिल्ह्याचे तालुके सहा. त्यांच्या मुख्य गावांचे पिनकोड असे: कारंजा ४४४१०५, मंगरुळपीर ४४४४०३, मानोरा ४४४४०४, मालेगाव ४४४५०३, वाशिम ४४४५०५ आणि रिसोड ४४४५०६. पाकिटावर, बँकेच्या फॉर्मवर, पोरांच्या प्रवेश अर्जावर हे आकडे आपण जन्मभर लिहीत असतो. त्यांना गणिती स्वभाव असेल, ही शंका मला नोकरीची बरीच वर्षं सरेपर्यंत आली नव्हती. या सहांपैकी एकच आकडा असा आहे की १ आणि तो स्वतः सोडून त्याला कशानेच भाग जात नाही. त्या एका आकड्यावरून हे पुस्तक सुरू झालं.

पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, डाक-तार खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. तेव्हा वाशिम हा अकोला जिल्ह्याचाच भाग होता. १ जुलै १९९८ ला जिल्हा वेगळा झाला, नवी पाटी लागली, पिनकोड मात्र जुनेच राहिले. म्हणून आजही सहाही तालुक्यांचे आकडे अकोल्याच्याच ४४४ ने सुरू होतात. वेलणकरांनी आकडे वाटले ते टपालाच्या सोयीने, त्यांत मूळ कोण आणि संयुक्त कोण हे पाहायचं त्यांना काहीच कारण नव्हतं. आकड्यांचा स्वभाव कुणी ठरवून दिलेला नसतो, तो आकड्यासोबतच येतो.

शेवटच्या तासाला वर्ग आवरेना, तेव्हा मी हे सहा आकडे फळ्यावर लिहिले आणि विचारलं, यातले कोणते फुटतात? 'फुटणं' हा शब्द पोरांचाच. संयुक्त संख्या म्हटलं की त्यांना परीक्षा आठवते, फुटणारी म्हटलं की दगड आठवतो. कारंजा आणि वाशिम ५ ने संपतात, मानोरा आणि रिसोड सम. चार गावं अर्ध्या मिनिटात बाद झाली. उरली दोन, मालेगाव आणि मंगरुळपीर, दोन्हींच्या शेवटी ३. अंकांची बेरीज करून ३ पाहिला, गेला नाही. ७, ११, १३ झाले. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे तं फुटूनच नाही राहिलं."

इथे एक गोष्ट आधी पटवावी लागते, ती म्हणजे थांबायचं कुठे. एखादी संख्या फुटत असेल तर तिचे दोन तुकडे होतात, आणि दोन्ही तुकडे एकाच वेळी तिच्या वर्गमुळापेक्षा मोठे असू शकत नाहीत. ६६७ चा वर्ग ४४४८८९, म्हणजे आपल्या दोन्ही आकड्यांपेक्षा जास्त. तेव्हा ६६७ च्या आतल्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की काम संपलं. ६६७ च्या आत मूळ संख्या १२१ आहेत. त्यातला २ सोडला की उरतात बरोबर १२०, आणि त्या दिवशी पटावर हजर होते चाळीस. प्रत्येकाच्या वाट्याला तीन मूळ संख्या आल्या, म्हणजे दोन आकड्यांचे मिळून सहा भागाकार. इतका चोख हिशेब मला पगारपत्रकातही कधी जुळलेला आठवत नाही.

पंधरा मिनिटांनी तिसऱ्या रांगेतली मुलगी जवळजवळ ओरडलीच, "सर, मालेगाव फुटलं!" तिच्या वाट्याला ३३७ आला होता. ३३७ गुणिले १३१९ बरोबर ४४४५०३, आणि हे दोन्ही तुकडेही मूळ. मंगरुळपीर मात्र शेवटपर्यंत फुटलं नाही. दोन पोरं कागद घेऊन आली. २४१ ने भागल्यावर एकाची बाकी २४० आली होती, ४६१ ने भागल्यावर दुसऱ्याची ४६०. एकाने हुकलं, म्हणजे आपलंच चुकलं असणार असं त्यांना वाटत होतं. चुकलं काहीच नव्हतं. एक मिळवला की होतात ४४४४०४, म्हणजे मानोरा. मानोरा २४१ ने फुटतं आणि ४६१ नेही: ४ गुणिले २४१ गुणिले ४६१. मंगरुळपीर फोडायला गेलेल्या दोघांनी शेजारचं मानोरा फोडून आणलं होतं.

घंटा झाली, पण त्या आकड्याने मला सोडलं नाही. अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळीचा पिनकोड ४४४४०१. तोही मूळ निघाला. मध्ये एकच सम संख्या आणि दोन्ही बाजूंना मूळ संख्या असतील तर त्यांना जोडमूळ म्हणतात. ३ आणि ५, ११ आणि १३, ४१ आणि ४३ या जोड्या शाळेत भेटतात. बार्शीटाकळी आणि मंगरुळपीर ही तशीच जोडी, फक्त लाखांच्या घरात राहणारी. अशा जोड्या अनंत आहेत का, हे आजवर कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. २०१३ मध्ये यितांग झांग या त्यावेळी फारशा कुणाला माहीत नसलेल्या प्राध्यापकाने दाखवलं की सात कोटींहून कमी अंतरावरच्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. पुढे अनेकांनी मिळून ते अंतर २४६ वर आणलं. आपल्याला हवं आहे २. उरलेली वाट अजून तशीच पडून आहे.

जुळी असली तरी या दोघांचे स्वभाव अगदी निराळे. ४ ने भागून १ उरतो अशी कोणतीही मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि ती एकाच तऱ्हेने. ४ ने भागून ३ उरत असतील तर ती कधीच तशी नसते. बार्शीटाकळीची बाकी १. म्हणून ६५५ चा वर्ग ४,२९,०२५ आणि १२४ चा वर्ग १५,३७६ मिळवून पाहा, ४४४४०१ येतात. मंगरुळपीरची बाकी ३, त्यामुळे जगातले कोणतेही दोन वर्ग आणले तरी त्यांची बेरीज ४४४४०३ होणार नाही. हे ताडून पाहायला सगळे वर्ग चाचपायची गरज नाही. कोणत्याही वर्गाला ४ ने भागलं की बाकी ० किंवा १ च येते. दोन बाक्या मिळून ३ होतील कशा? दुसरी बाजू, म्हणजे बाकी १ असली की वर्ग सापडतातच, ही मात्र अवघड आहे. तिला या पुस्तकात अख्खं प्रकरण दिलं आहे आणि तरी ती मला पुरती सोपी करता आलेली नाही.

आपल्या पाठ्यपुस्तकांबद्दल माझी तक्रार इथेच आहे. शंभरच्या आतल्या पंचवीस मूळ संख्या पाठ करून घ्यायच्या, इरॅटोस्थेनिसच्या चाळणीचा तक्ता रंगवायचा आणि ९७ वर पडदा पाडायचा. पोराची समजूत अशी होते की मूळ संख्या म्हणजे लहान, ओळखीच्या, सरकारने यादी काढून संपवलेल्या काहीतरी. त्यांची खरी गंमत मोठ्या आकड्यांत आहे.

आकडा सहाऐवजी तीनशे नऊ अंकी असला तर चाळीस पोरं पुरणार नाहीत. सगळ्या पृथ्वीवरचे संगणक विश्वाच्या आरंभापासून भागाकार करत बसले असते तरी पुरले नसते. आणि तरीही तो आकडा मूळ आहे की नाही, हे आज साधा लॅपटॉप डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सांगतो. त्याची युक्ती सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच वकिलाची. पेशाने वकील, गणित हा फावल्या वेळचा नाद. त्याचं म्हणणं असं: संख्या मूळ असेल तर २ चा तिच्याहून एक कमी इतका घात घ्या आणि तिने भागा, बाकी १ च येईल. (खुद्द २ ला हे लागू नाही.) ७ घ्या. २ चा सहावा घात ६४, ७ ने भागून बाकी १. आता ९ घ्या. २ चा आठवा घात २५६, ९ ने भागून बाकी ४. बाकी १ नाही, म्हणजे ९ मूळ नाही. नऊ म्हणजे तीन त्रिक हे आपण वापरलंच नाही, तुकडे न पाहता संख्या फुटते हे कळलं.

मालेगावला हीच कसोटी लावली तर बाकी १ येत नाही. ३३७ चा पत्ता नसतानाही मालेगाव फुटणार हे आधीच समजतं. मंगरुळपीरची बाकी चोख १ येते. २ चा ४४४४०२ वा घात ही संख्या लिहायला वह्यांच्या वह्या लागतील, पण ती लिहायचीच नसते. २ चा वर्ग ४, त्याचा वर्ग १६, मग २५६, मग ६५५३६. आकडा डोईजड झाला की ४४४४०३ ने भागून फक्त बाकी पुढे न्यायची. अठरा वेळा वर्ग आणि मधूनमधून दुप्पट, एवढ्यात काम होतं. एकशेवीस भागाकारांच्या जागी अठरा वर्ग. तीनशे नऊ अंकांच्या संख्येलाही हजाराच्या आसपासच वर्ग लागतात.

या कसोटीला फसवणाऱ्या संख्या आहेत. ३४१ म्हणजे ११ गुणिले ३१, पण २ च्या कसोटीत ती साळसूदपणे १ बाकी ठेवते. म्हणून पुढच्या लोकांनी कसोटी कडक केली. शेवटी २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतले मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे नीरज कयाल व नितीन सक्सेना हे दोन तरुण विद्यार्थी यांनी अशी रीत दिली की जिच्यात शंकेला जागा नाही, नशिबावर काही सोडलेलं नाही आणि जी आकडा लांबला तरी हाताबाहेर जात नाही. जगभरचे गणिती ज्याच्या मागे होते ते काम आपल्याकडच्या एका वसतिगृह-कॉलेजात झालं, याचं अप्रूप मला आजही वाटतं.

फुटते हे कळणं वेगळं आणि तुकडे हातात येणं वेगळं. या पुस्तकाला सांगायचं आहे ते हेच. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितीने १८७६ मध्ये दाखवून दिलं की २ चा ६७ वा घात वजा १ ही एकवीस अंकी संख्या मूळ नाही. पण तुकडे? ते त्यालाही माहीत नव्हते. पुढची सत्तावीस वर्षं ती संख्या फुटणारी म्हणून ठाऊक होती आणि कुणी फोडलेली नव्हती. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला गणितींच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. एका बाजूला त्यांनी २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला. दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार मांडला. दोन्ही उत्तरं एक आली. असं सांगतात की ते एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसले आणि सभा टाळ्या वाजवत राहिली. गुणाकार तपासायला शाळेतलं पोरही पुरतं, तो शोधायला कोलना वर्षानुवर्षांचे रविवार लागले.

रविवार खाणारी ही दरी आता आपल्या सातबाऱ्यात येऊन बसली आहे. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळतो, पंधरा रुपये भरले की घरबसल्या. तलाठ्याचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचा, शाईचा शिक्का त्यावर नसतो. तरी बँक तो पीककर्जाला चालवून घेते. ती स्वाक्षरी काय असते, हे मालेगावच्या पिनकोडवरच दाखवता येतं.

४४४५०३ हा आकडा चावडीवर लावून टाका, सोबत ५ हा दुसरा आकडा. हे दोन्ही उघडे. ज्याला ३३७ आणि १३१९ माहीत आहेत तो प्रत्येकातून एक वजा करून गुणाकार करतो: ३३६ गुणिले १३१८ बरोबर ४४२८४८. मग तो असा आकडा शोधतो की त्याला ५ ने गुणून ४४२८४८ ने भागलं तर बाकी १ उरावी. तो आकडा २६५७०९. ही गुप्त किल्ली. आता उताऱ्यातल्या सगळ्या मजकुराचा ठरलेल्या रीतीने एका आकड्यात गोषवारा काढला आणि तो आला ९३३२१, असं समजा. किल्लीवाला ९३३२१ चा २६५७०९ वा घात घेतो, ४४४५०३ ने भागतो आणि बाकी उरते ती उताऱ्यावर लिहितो: १४. ही झाली सही. बँकेतल्या माणसाने काय करायचं? १४ चा पाचवा घात घ्यायचा, ५३७८२४. त्यातून ४४४५०३ वजा करायचे, ९३३२१. गोषवारा जुळला, सही खरी. वाचकाने हे कागदावर करून पाहावं, दोन मिनिटं लागतात. उताऱ्यात कुणी दोन गुंठे वाढवले की गोषवारा बदलतो आणि सही जुळत नाही. नवी सही करायला गुप्त किल्ली हवी, किल्लीला तुकडे हवेत.

मालेगाव आमच्या वर्गाने पंधरा मिनिटांत फोडलं, म्हणून हे कुलूप खेळण्यातलं. खऱ्या कुलपात ३३७ आणि १३१९ च्या जागी प्रत्येकी साधारण ३०९ अंकी मूळ संख्या असतात आणि त्यांचा गुणाकार ६१७ अंकी. ही रीत रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये मांडली. फेब्रुवारी २०२० मध्ये संशोधकांनी २५० अंकी असा एक आकडा फोडला. त्याचं सगळं काम संगणकाच्या एकाच गाभ्यावर टाकलं असतं तर सुमारे २७०० वर्षं लागली असती. ६१७ अंकांच्या जवळपासही अजून कुणी पोहोचलेलं नाही. उद्या पुरेसे मोठे क्वांटम संगणक आले तर हे कुलूप निघेल, आणि त्यासाठी वेगळ्या गणितावरची नवी कुलपं घडवणं सुरूही झालं आहे.

किल्ली शोधायची ती रीत आपल्याकडे आर्यभटापासून आहे. नाव कुट्टक. भाजकाला आणि बाकीला कुटत कुटत बारीक करत जायचं, म्हणून कुट्टक. चाळीसगावजवळच्या पाटणशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या भास्कराचार्यांनी लीलावतीत तिला स्वतंत्र प्रकरण दिलं. भास्कराचार्यांना इंटरनेट ठाऊक होतं असलं काही मी म्हणत नाही आणि कुणी म्हटलं तर चिडतो. पण २६५७०९ काढताना मी जी आकडेमोड केली ती त्यांनी पाहिली असती तर त्यांना ओळखीची वाटली असती, एवढं नक्की.

वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. चौथ्या शतकात विंध्यशक्ती दुसरा याने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी इथून एक गाव दान दिल्याचा ताम्रपट आहे. काही भाग संस्कृत, काही प्राकृत. वा. वि. मिराशींनी तो वाचून प्रसिद्ध केला. जमीन कुणाची, हे सांगणारा कागद खरा कसा मानायचा, हा प्रश्न या गावाला सोळाशे वर्षांपासून ठाऊक आहे. तेव्हा त्याचं उत्तर तांबं, कडी आणि राजमुद्रा हे होतं. बनावट ताम्रपटही इतिहासात कमी नाहीत, कारण मुद्रा ज्याला घडवता येते त्याला तिची नक्कलही घडवता येते. मूळ संख्यांच्या मुद्रेची गोष्ट वेगळी आहे. ती तपासणाऱ्याला नक्कल करता येत नाही.

मग एवढ्या मोठ्या मूळ संख्या आणायच्या कुठून? त्या शोधाव्या लागत नाहीत, पेरल्यासारख्या सापडतात. मंगरुळपीरच्या आसपास साधारण दर तेरा संख्यांमागे एक मूळ आहे. ३०९ अंकांच्या प्रदेशात साधारण दर सातशे दहांमागे एक. संगणक कुठूनही एक विषम आकडा उचलतो, कसोटी लावतो, नसेल तर पुढचा. काही शे प्रयत्नांत हाती लागतो.

वर्तमानपत्रात येतात त्या विक्रमी मूळ संख्या निराळ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. हौशी लोकांच्या संगणकांची जी मोहीम १९९६ पासून चालू आहे तिने ती शोधली. हिचा कुलपाला काही उपयोग नाही, साऱ्या जगाला माहीत असलेली किल्ली काय कामाची? तरी ती शोधणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता कापरेकर ६१७४ च्या मागे लागले तेव्हा त्याचाही कुणाला उपयोग नव्हता. लोक हसले, आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाला देवळाली कळली.

या पुस्तकाला अकरावीपर्यंतचं गणित पुरतं. तेही विसरलं असेल तर भागाकार आणि बाकी एवढं यावं. सिद्धता जिथे दिल्या आहेत तिथे पुऱ्या दिल्या आहेत, जिथे झेपल्या नाहीत तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे. उदाहरणांत गावांचे पिनकोड घेतले ते हौसेने, पण त्यामुळे एक सोय झाली. देशातला कोणताही पिनकोड सहा अंकी, म्हणून तो फोडायला हजाराच्या आतल्या १६८ मूळ संख्या पुरतात. त्यांची यादी शेवटच्या पानावर दिली आहे. पहिलं प्रकरण वाचण्याआधी आपल्या गावाचा पिनकोड कागदावर लिहा. शेवटचा अंक १, ३, ७ किंवा ९ असेल तर यादी उघडा आणि ३ पासून सुरुवात करा.